गरम पाण्याचं वर्ष

त्या वर्षी पहाटे अंगावरची शाल नकोशी वाटायला लागली, तेव्हाच आक्काच्या मनात कुठंतरी खुट्ट झालं.

त्यांच्या किनाऱ्यावर सकाळ म्हणजे थंडी आणि धुकं, मग महिना कुठलाही असो. धुकं समुद्रावरून चाहूल न देता यायचं, मिठागरांवर बसायचं, आणि ऊन वर आलं की उठून मागच्या डोंगराकडं निघून जायचं. पाऊस मात्र नाही. आक्काच्या वडलांनी, आबांनी, उभ्या जन्मात पाहिलेला पाऊस असा, की दुसरा थेंब पडेपर्यंत पहिला वाळून जायचा. घरांची छपरं सपाट, मातीची. छत्री कुणाकडंच नव्हती. असती तर लोकांनी तिच्याखाली कोंबड्या झाकल्या असत्या.

पाऊस नाही म्हणून तर मीठ. समुद्राचं पाणी चरातून आत घ्यायचं, फळी टाकून अडवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात पांढरं दिसायला लागलं की दंताळं घेऊन उतरायचं. आबांच्या वडलांनी हेच केलं, आबांनी हेच केलं. आक्का नवरा गेल्यावर माहेरी परतली. आल्या आल्या तिनं ट्रंक खाली ठेवली आणि फावडं उचललं. ते आजवर खाली ठेवलं नव्हतं. धाकटा भाऊ पाणी फिरवायचा, वहिनी टोपल्या वाहायची. वहिनीचं तोंड आणि पाय एकदमच चालायचे. तोंड थांबलं की आक्का समजायची, हिला ताप आला.

त्या वर्षी धुकं येईना. कोवळं म्हणावं असं ऊन राहिलंच नाही, उजाडल्या उजाडल्या ते वाफ्यांवर पडायला लागलं. आणि झालं काय, तर मीठ भरभरून पिकायला लागलं. एरवी जेवढं मीठ धरायला वाट बघावी लागायची तेवढं आता बघता बघता धरू लागलं. बांधांवर ढिगामागून ढीग चढले. आबा काठी टेकत बांधावरून फिरत, ढिगांवर हात ठेवत, जसा कुणी गुरांच्या पाठीवर ठेवतो तसा.

"असलं वर्ष मी बघितलं नव्हतं," ते म्हणत. "देवानं धुक्याला रजा दिली."

आक्का दंताळं ओढत राहायची. तिच्या टाचांना मिठानं भेगा पडल्या होत्या. रोज संध्याकाळी त्या भेगांत तेल भरायचं काम वहिनीचं. तेल भरता भरता वहिनी एकदा म्हणाली, "आक्का, चरातलं पाणी किती बरं लागतंय हो पायांना. कुणी चुलीवरून उतरवून ओतल्यासारखं."

"तेच तर," आक्का म्हणाली.

"तेच तर काय?"

"ते पाणी पायाला झोंबायला हवं. या चरात मी उभी राहिले आणि दात वाजले नाहीत असं आजवर झालं नाही."

* * *

त्यांच्या मागच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायला आल्या होत्या. शहरातून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या, उन्हानं नाक सोललेल्या. त्यांचं काम एवढंच, की होडीतून समुद्रात जायचं, दोरीला बांधलेली एक नळी खोल सोडायची, वर ओढायची आणि पाणी किती गरम, किती गार ते टिपायचं. वस्तीला हसायला एवढं पुरलं. ही समुद्राच्या काखेत थर्मामीटर लावते, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या दिवसापासून त्या झाल्या डॉक्टरीणबाई. त्यांनाही ते नाव आवडलं असावं, कारण हाक मारली की लगेच वळायच्या.

त्यांना समुद्रात घेऊन जायचा तो भोंगा. त्याचा आवाज एवढा मोठा, की समोरच्या माणसाशी बोलला तरी पलीकडच्या होडीतला माणूस उत्तर द्यायचा. भोंग्याचं आणि आबांचं बोलणं बंद होतं. आबांनी केव्हातरी बांध चराच्या तोंडापर्यंत पुढं नेला होता, तेव्हापासून ओहोटीला होड्यांचे तळ घासायचे. त्यावरून शब्दाला शब्द लागला, आणि मग दोघांनी एकमेकांकडं बघणंच सोडलं. चराच्या या काठाला मिठागरवाले, त्या काठाला होडीवाले.

पण त्या वर्षी त्या काठाकडं बघवत नव्हतं. मासे गेले होते. आधी कमी झाले, मग छोटे झाले, मग जाळ्यात नुसतं शेवाळ यायला लागलं. समुद्रपक्षी किनाऱ्यावर येऊन बसायचे, माणूस जवळ गेला तरी उडायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच पडलेले सापडायचे. होड्या वाळूत आडव्या. मासे खारवायची मोठी पत्र्याची शेड रिकामी. तिच्यात कुत्री झोपायची.

एक दिवस दुपारी डॉक्टरीणबाई समुद्रावरून आल्या आणि घरात न जाता सरळ मिठागरात आल्या. आक्का शेवटच्या वाफ्यात दंताळं ओढत होती.

"आक्का, जरा बोलायचंय."

"बोला की. हात चालू आहेत, कान रिकामेच आहेत."

बाई बांधावर बसल्या. चपला काढल्या, परत घातल्या. कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी वाफ्याकडं बोट केलं. "हे वर जे तरंगतंय, ते काय?"

"पापुद्रे. मीठ धरायला लागलं की आधी वरच धरतं."

"आणि ते सगळे त्या कडेलाच का?"

आक्काला हसू आलं. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते. "दुपारची झुळूक आहे ना, इकडून तिकडं. वरचं पाणी वारा ढकलतो, पापुद्रे त्याच्याबरोबर जातात."

"मग या कडेला पाणी कमी नाही का पडत?"

"कमी कसं पडेल? तळाचं वर येतं. बघा ना, या कडेचं पाणी नेहमी गढूळ असतं, त्या कडेचं नितळ."

"आणि वारा पडला की?"

"मग तिकडं साठलेलं सगळं मागं सरतं. आणि सारखं होतं."

बाईंनी मान हलवली. मग समुद्राकडं हात केला. "आक्का, तो पण असाच एक वाफा आहे. फार मोठा. आपल्या किनाऱ्यावरून वर्षभर वारा वाहतो. तो आणि पृथ्वीचं फिरणं, दोन्ही मिळून वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून लांब सारतात. मग तळातलं गार पाणी वर येतं. त्याच्याबरोबर तळातलं सत्त्व येतं, ते खायला मासे येतात. त्या गार पाण्यावरची हवाही गार राहते. गार हवा जड, ती वर चढत नाही. म्हणून इथं ढग बनत नाही, नुसतं धुकं बनतं. पाऊस पडतो तो लांब, समुद्राच्या पलीकडं, जिथं गरम पाणी साठलंय तिथं."

आक्कानं दंताळं थांबवलं होतं. ती समुद्राकडं बघत होती, आणि तिला तो पहिल्यांदाच उताराचा दिसत होता, पलीकडच्या कडेला भरलेला.

"आणि या वर्षी वारा पडलाय," ती हळूच म्हणाली.

"पडलाय. इथलाच नाही, मधल्या समुद्रावरचाही. तिकडं साठलेलं गरम पाणी मागं सरत आलंय. मी नळी कितीही खोल सोडली तरी गार पाणी लागत नाही."

"मग पाऊस?"

"पाण्याबरोबर तोही इकडं येणार." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पदरावरच्या मिठानं तो आणखीच धुरकटला. "नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. येईलच अशी शपथही घेता येणार नाही. पण आक्का, माझं मीठ असतं ना, तर मी ते उचललं असतं."

* * *

जेवताना आक्कानं विषय काढला. आबांनी घास खाली ठेवला.

"उचलायचं? भर हंगामात? ढीग निथळला नाही, कडू पाणी गळून गेलं नाही, आणि उचलायचं?"

"आबा, पाऊस आला तर..."

"पाऊस!" आबा हसले. त्यांचं हसणं खोकल्यात गेलं. "अगं, व्यापारी हंगाम संपल्यावर येतो. तोवर मीठ बांधावर असतं. माझ्या बापाचं होतं, माझं आहे. आणि उचलून ठेवणार कुठं? माझ्या उशाशी?"

धाकटा मान खाली घालून जेवत होता. त्याला वाद नको असायचा. लहानपणापासून तो असाच. घरात आवाज चढला की त्याला नेमकी पाण्याची फळी बघायला जायचं आठवायचं.

"तू काय म्हणतोस?" आक्कानं विचारलं.

"मी काय म्हणणार. आबा म्हणतील ते."

वहिनी पटकन म्हणाली, "डॉक्टरीणबाई उगाच नाही बोलायच्या. त्या तर चहात साखर किती तेसुद्धा विचार करून सांगतात."

"त्यांना साखरेचं कळत असेल," आबा म्हणाले. "मिठाचं मला कळतं." आणि हात धुवायला उठले.

आक्काला वडलांचा राग आला नाही. हे बांध त्यांनी स्वतःच्या पायांनी तुडवून घट्ट केले होते. आपल्या हयातीत कधी न झालेली गोष्ट उद्या होईल, हे त्यांनी मानावं तरी कसं? पण चरातलं ते कोमट पाणी तिच्या पायांना लागलं होतं. बाईंच्या नळीपेक्षा तिनं स्वतःच्या टाचांवर जास्त भरवसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घमेलं आणि टोपली घेतली आणि शेवटच्या बांधावरच्या ढिगाला हात घातला.

ओलं मीठ म्हणजे दगड. टोपली डोक्यावर चढली की मान खांद्यात जाते, आणि निथळतं कडू पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरतं. पुसावं तर हातही खारट. बांधावरून घरापर्यंतची वाट तिच्या रोजच्या पायाखालची, पण डोक्यावर मीठ घेऊन ती संपता संपेना. सध्यापुरतं तिनं मीठ ओसरीत टाकलं.

शेजारच्या मिठागराचा मालक, ज्याला सगळे टोपीवाला म्हणायचे कारण तो झोपतानाही टोपी काढत नसे, आपल्या बांधावर उभा राहून बघत होता. चार माणसं जमल्यावर त्याला स्फुरण चढलं.

"काय आक्का, मीठ ओसरीत? थंडी वाजतेय का त्याला?"

लोक हसले.

"रात्री अंगावर पांघरूण घाल हो त्याच्या! डॉक्टरीणबाईंना विचार, ताप किती आहे!"

आक्का तशीच चालत राहिली. आसवं आली ती मिठानं आली की शब्दांनी, हे तिचं तिला ठाऊक. तिसऱ्या खेपेला मागं पावलं वाजली. वळून बघितलं तर वहिनी, डोक्यावर टोपली, आणि तोंड चालूच.

"एकट्यानं मिरवताय होय? मला पण हसू देत की लोकांना. आणि हे टोपीवाले, यांची टोपी काढली ना, तर खाली काही सापडायचं नाही, म्हणून काढत नाहीत."

आक्काला एवढं हसू फुटलं की टोपली डुगडुगली. दुपारी धाकटाही आला. आक्काच्या हातातलं फावडं घेतलं आणि ढीग भराभर टोपल्यांत ओढू लागला. आबा दुसऱ्या टोकाच्या बांधावर पाठ करून बसले होते.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. ओसरी भरलेली. त्यांनी एकदा वर छपराकडं बघितलं. सपाट, मातीचं, मधूनमधून गवताच्या काड्या निघालेलं.

"आक्का, हे छप्पर पावसात टिकायचं नाही."

आक्कानंही वर बघितलं. एवढं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मातीखाली मीठ ठेवायचं आणि वरून पाणी, म्हणजे दोन्ही गेलं. वस्तीत पत्र्याचं छप्पर एकच होतं, आणि ते चराच्या त्या काठाला.

* * *

भोंगा होडीच्या तळाच्या फटींत चिंध्यांचे बोळे भरत बसला होता. आक्का फळकुटावरून चर ओलांडून आली तेव्हा त्यानं नुसती नजर वर केली. त्याच्या बायकोनं घरातून डोकं बाहेर काढलं.

आक्कानं वाटेत बरंच काही जुळवलं होतं. आल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना. "शेड रिकामी आहे," ती म्हणाली.

"मासे नसले की रिकामीच असणार."

"आमचं मीठ ठेवायचं होतं."

भोंग्यानं हातातला बोळा खाली ठेवला. "आबांनी पाठवलं?"

"नाही. आबांना चालायचं नाही."

तो समुद्राकडं वळला. आक्काला वाटलं, आता बांधाचं निघणार, घासलेल्या तळांचं निघणार, आणि ऐकून घ्यावं लागणार. ती ऐकून घ्यायला तयार होती.

"रोज त्या बाईची नळी मीच ओढतो," भोंगा म्हणाला. आपला आवाज लहान करायचा तो प्रयत्न करत होता, आणि त्यानंच आक्काला भरून आलं. "काय आहे ते मला दिसतंय. आमचे मासे तर गेले. तुमचं मीठ तरी राहू दे." मग तो उठला आणि नेहमीच्या आवाजात घराकडं ओरडला, "कुत्री हाकला गं शेडमधून! आणि झाडू आण!"

त्या काठाची माणसं रिकामी होती, आणि रिकाम्या माणसाला काम मिळालं की बरं वाटतं. भोंग्यानं एक सपाट होडी चरातून तुमच्या बांधाला लाव म्हणून धाकट्याला सांगितलं. मग डोक्यावरची खेप वाचली. ओसरीतलं मीठ आणि बांधावरचे ढीग होडीत, होडी त्या काठाला, तिथून शेडमध्ये. मासे पकडणारे हात मीठ उपसू लागले. डॉक्टरीणबाईंनीही टोपली उचलून बघितली. पहिल्याच खेपेला त्या मिठासकट बांधावर बसल्या, तेव्हा वहिनीनं त्यांना होडी धरून ठेवायच्या कामाला लावलं. ते त्यांनी फार मनापासून केलं.

आबांनी एवढंच केलं, की ते बसले होते त्या बांधावरच्या सगळ्यात मोठ्या ढिगाला कुणाला हात लावू दिला नाही. "हा माझा," ते म्हणाले. तो ढीग तिथंच राहिला.

* * *

पाऊस आला तो दुपारी. आधी समुद्रावर ढग उभे राहिले, कुणी कधी न पाहिलेले, काळे, भिंतीसारखे. होती ती झुळूकही एकदम थांबली. माश्या अंगाला चिकटल्या. मग लांबून आवाज आला, आणि लोक दारात उभे राहून विचारू लागले, हा कसला आवाज.

त्यानंतरचं आक्काला तुटक आठवतं. पाण्याचा मार एवढा, की तोंड वर करून श्वास घेता येईना. बांधांवरचे ढीग आधी करडे झाले, मग त्यांना चरे पडले, मग ते बसायला लागले. टोपीवाला आपल्या ढिगावर घोंगडी टाकत होता, ती उडत होती, तो परत टाकत होता. पलीकडं कुणाचं तरी छप्पर धप्पकन आत गेलं. आणि मग डोंगराकडचा कोरडा ओढा, ज्यात शेरडं बसायची, तो लाल होऊन धावत आला आणि मिठागरांत घुसला.

"फळी!" धाकटा ओरडला. "फळी टाकलेली आहे!"

समुद्राकडची फळी बंद होती. ओढ्याचं पाणी बाहेर जायला वाट नव्हती. ते बांधाआड साठून वस्तीकडं वळणार होतं. आक्का धावली. बांधाच्या टोकाला पोचली तर आबा तिथं आधीच होते. काठी फेकून दिलेली, छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी फळी उपसताहेत. फळी फुगून खाचेत घट्ट बसली होती.

"आबा, बाहेर या!"

"आधी धर! तिकडून धर!"

ती उतरली. बापलेकीनं दोन बाजूंनी फळी धरली. बोटं सोलली. आक्काला आबांचा चेहरा अगदी जवळ दिसत होता, दातांवर दात रोवलेले, पापण्यांवरून पाणी वाहतंय. "हलव," ते म्हणत होते, "डावीकडं हलव, मग वर." ती हलवत राहिली. फळी कुरकुरली, सुटली, आणि अडलेलं सगळं पाणी एकदम चराकडं धावलं. त्या ओढीनं आबांचे पाय गेले. फळीच्या खांबावर आपटून त्यांचा पाय कट्‌कन वाजलेला आक्कानं ऐकला. तिनं त्यांचा सदरा धरला, सदरा फाटला, मग दंड धरला. तिच्या हातातली ताकद संपत आली.

"सोडू नको गं!" चराच्या त्या काठावरून आवाज आला. त्या पावसात दुसऱ्या कुणाचाच आवाज पोचला नसता. भोंग्यानं दोराचं एक टोक मागं फेकलं, दुसरं कमरेला बांधून स्वतः उडी टाकली, आणि मागं त्याची माणसं आणि फळकुटावरून तिकडं धावलेला धाकटा दोर ओढत होते. आबांना त्यानं काखेत धरून बाहेर काढलं. बांध घालणारा म्हातारा आणि ज्याची होडी घासायची तो माणूस, दोघं चिखलात शेजारी शेजारी पालथे पडून धापा टाकत राहिले.

वस्तीकडं पाणी वळलं नाही.

* * *

ज्यांच्या घरांची छपरं गेली ते सगळे शेडमध्ये आले. मिठाचे ढीग एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, वर पत्र्यावर पाऊस एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. आबांच्या पायाला फळकुटं बांधली होती. टोपीवाला कोपऱ्यात बसला होता. त्याची टोपी वाहून गेली होती, आणि टकलावर हात ठेवून तो नुसता समोरच्या मिठाकडं बघत होता. वहिनीनं त्याच्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता त्याला चहा नेऊन दिला.

पाऊस ओसरला तेव्हा डॉक्टरीणबाई आक्काजवळ येऊन बसल्या. "एक सांगू? तुम्ही मीठ उचलत होता ना, तेव्हा मला झोप लागत नव्हती. वाटायचं, पाऊस आलाच नाही तर? लोक तुम्हाला आयुष्यभर हसतील, आणि ते माझ्यामुळं."

"हसले असते," आक्का म्हणाली. "पण मीठ तर कुठं गेलं नसतं. तुम्ही बोलला नसता, तर आज काय असतं?" तिनं बाईंचा हात हातात घेतला. होडी धरून धरून त्यांच्या तळव्याला आलेले फोड फुटले होते. "तेल लावते थांबा," ती म्हणाली.

पुढं काही महिने कठीण गेले. मग वारा परत वाहू लागला. एके दिवशी बाईंच्या नळीत गार पाणी सापडलं. त्या होडीत उभ्या राहून एवढ्या नाचल्या की भोंग्याला त्यांना खाली बसवावं लागलं. पाण्यामागून पक्षी आले, आणि पक्ष्यांमागून मासे. होड्या भरून यायला लागल्या. आता मासे खारवायला मीठ हवं होतं, आणि साऱ्या किनाऱ्यावर मीठ होतं ते त्या एका शेडमध्ये.

व्यापारी आला तो धावतच. सगळं उचलतो म्हणाला. धाकट्यानं आबांकडं बघितलं. आबा खाटेवर पाय लांब करून बसले होते.

"आधी होडीवाल्यांचं," आबा म्हणाले. "त्यांना लागेल तेवढं. मग शेजाऱ्यांचं, ज्याचं वाहून गेलं त्याच्या घरी ढीगभर तरी टाका, तो ते देऊन मासे घेईल. उरलं तर याला."

"आबा, मीठ तुमचं..." व्यापाऱ्यानं सुरुवात केली.

"माझं होतं ते वाहून गेलं," आबा म्हणाले. "मोठा ढीग होता. हे आक्काचं आहे. विचारा तिला."

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. तिला एवढ्या माणसांत बोलायची सवय नव्हती. "आबा म्हणतात तसंच," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं, उगाचच दोनदा.

* * *

मिठागरं मात्र गाळानं भरली होती. गाळ उपसायचा, नवी माती पसरायची, आणि ती पायांनी तुडवून दगडासारखी करायची, तेव्हा कुठं वाफा पाणी धरणार. एका घराला हे काम एका हंगामात उरकणारं नव्हतं, आणि त्यात आबांचा पाय तसा.

आक्का, वहिनी आणि धाकटा सकाळी वाफ्यात उतरले. माती गार होती. तिघं ओळीत उभे राहिले आणि तुडवायला लागले, टाच, चवडा, टाच, चवडा. वाफा तिघांना फारच मोठा वाटत होता.

मग चराच्या त्या काठावरून भोंगा आला, त्याची बायको आली, माणसं आली. डॉक्टरीणबाई साडी खोचून आल्या आणि पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत रुतल्या. शेजारच्या बांधावरून एकेक जण उतरू लागला. त्यांचे स्वतःचे वाफे तसेच गाळात पडलेले होते. आबांना खाटेसकट बांधावर आणून ठेवलं, तर त्यांनी लगेच हुकूम सोडायला सुरुवात केली, "डावी कडा सैल आहे! भोंग्या, तू नाच नको करू, दाब!"

"दाबतोय, आबा!" भोंगा ओरडला, आणि डोंगरापर्यंत ऐकू गेलं.

सगळ्यात शेवटी टोपीवाला आला. उघड्या डोक्यानं. वाफ्याच्या काठाशी थांबला, चपला काढून नीट जोडून ठेवल्या. आक्कासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याची नजर तिच्या पायांवर होती, मिठानं चिरलेल्या, मातीनं भरलेल्या.

"कुठून सुरुवात करू?" त्यानं विचारलं.

आक्का जराशी बाजूला सरकली.

"इथं," ती म्हणाली. "माझ्या शेजारी या."